मुंबईचा जुना टॅब गावाला येताना : टीव्हीवर चित्र का जात नाही, आणि देण्या-विकण्याआधी काय काढायचं?

वरळी (मुंबई) : १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसं ४० मजली टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. घर बदललं की सामान निघतंच. लोखंडी कपाट, टेबलफॅन, मोठ्या पोटाचा जुना टीव्ही. आता त्या ढिगात आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे टॅब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा अनेक घरांनी पोरांसाठी टॅब घेतला. पोरं आता कॉलेजात गेली आणि टॅब कपाटावर धूळ खातोय.

मग तो एक तर ओळखीच्या दुकानदाराला विकला जातो, नाहीतर गावाला येतो. "घेऊन जा, पोराला अभ्यासाला होईल," असं म्हणत गणपतीला किंवा जत्रेला आलेला काका-मामा तो पिशवीतून काढून देतो. इथूनच दोन तक्रारी सुरू होतात. पहिली, टॅबवरचं चित्र टीव्हीवर दिसत नाही. दुसरी, तक्रार घालवायला कुणीतरी टॅब रिसेट मारतो आणि टॅब जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. टॅब गावात, पासवर्ड वरळीत, आणि काकांना तो आठवत नाही. चांगला चालणारा टॅब पोळपाट होऊन बसतो.

या दोन्ही तक्रारींचा उलगडा इथे केला आहे. रिसेट हे शेवटचं काम आहे, आणि त्याआधी खातं काढायचं असतं, एवढं धरून पुढे वाचलं तर बाकीचं सोपं आहे.

आधी ओळखा : कास्ट वेगळं, मिररिंग वेगळं

टॅबचं चित्र टीव्हीवर नेण्याचे दोन मार्ग आहेत आणि लोक दोन्हींना एकच समजतात. निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिला मार्ग कास्टचा. यूट्यूबच्या कोपऱ्यात टीव्हीसारखं चौकोनी चिन्ह असतं, ते दाबलं की टॅब टीव्हीला फक्त एवढंच सांगतो की हा व्हिडिओ लाव. पुढे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो. टॅबची स्क्रीन बंद केली तरी टीव्ही चालू राहतो. गुगलने २०१३ साली क्रोमकास्ट नावाची छोटी डबी आणली तेव्हापासून हा प्रकार घराघरात आला. आता बऱ्याच अँड्रॉइड टीव्हीत तो आतच बसवलेला असतो. यासाठी टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत आणि इंटरनेट चालू हवं.

दुसरा मार्ग मिररिंगचा, म्हणजे आरशासारखं. टॅबवर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर. यात मिराकास्ट ही पद्धत जास्त चालते. सॅमसंगच्या टॅबवर तिचं बटण 'स्मार्ट व्ह्यू' नावाने असतं, बाकीच्या कंपन्यांत 'कास्ट', 'स्क्रीनकास्ट' किंवा 'वायरलेस डिस्प्ले' असं काहीतरी. मिराकास्टला राउटर लागत नाही, टॅब आणि टीव्ही थेट एकमेकांशी जोडले जातात. गावच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मास्तरांनी दिलेले किंवा आधी उतरवून ठेवलेले व्हिडिओ मिराकास्टवर बघताना नेटचा एक एमबीही जात नाही. टॉवरची रेंज नसलेल्या वाडीतसुद्धा हे चालतं. फक्त टॅब आणि टीव्ही दोघांचं वायफाय 'ऑन' असावं लागतं, नेट नसलं तरी.

अ‍ॅपलच्या आयपॅडचा मार्ग तिसराच, एअरप्ले. तो मिराकास्ट ओळखत नाही. टीव्हीवर एअरप्ले नसेल तर आयपॅड कितीही महागाचा असो, बिनतारी मिररिंग सरळ होत नाही. गुगलने स्वतःच्या नेक्सस-पिक्सेलमधून मिराकास्ट काढून टाकलं, तेही फक्त कास्टच करतात. म्हणून टॅब बिघडला असं म्हणण्याआधी टीव्ही आणि टॅब एकच भाषा बोलतात का, ते बघावं. टीव्हीच्या डब्यावर किंवा सेटिंगमध्ये हे लिहिलेलं असतं.

यादीत टीव्हीचं नावच येत नाही

सगळ्यात जास्त येणारी अडचण हीच. कारण बहुतेक वेळा साधं असतं.

टॅब एका वायफायवर आणि टीव्ही दुसऱ्या, असं फार होतं. चाळीत शेजारच्या खोलीचा पासवर्ड कधीतरी घेतलेला असतो. टॅब अजून त्यालाच चिकटलेला असतो आणि टीव्ही घरच्या राउटरवर. गावात टॅब एकाच्या हॉटस्पॉटवर आणि टीव्ही दुसऱ्याच्या, असं होतं. दोघांचं वायफायचं नाव वाचून जुळवावं. नाव जुळतंय तरी दिसत नसेल तर राउटरवर 'गेस्ट' नावाचं पाहुण्यांचं वायफाय आहे का बघावं. पाहुण्यांच्या वायफायवर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच रचना केलेली असते. लॉज, ग्रंथालय, ऑफिसच्या वायफायवर कास्ट चालत नाही ते याचमुळे. टॅबमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करावं.

फोनच्या हॉटस्पॉटवर कास्ट करायचं असेल तर हॉटस्पॉट एका फोनचा आणि टॅब-टीव्ही दोन्ही त्यावर, अशी मांडणी ठेवावी. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट करायला गेलं की काही फोन अडतात. आणि एक लक्षात असू द्या, कास्ट करताना डेटा त्या फोनचाच जळतो. रोजचा पॅक एका पिक्चरमध्ये संपू शकतो.

काही टीव्हींवर आधी रिमोटने 'स्क्रीन शेअर' किंवा 'मिरर' उघडून ठेवावं लागतं, त्याशिवाय टीव्ही हाकेला ओ देत नाही. सॅमसंगच्या टीव्हीवर पहिल्यांदा जोडताना परवानगी विचारतात. कुणी चुकून 'नको' दाबलं की तो टॅब कायमचा नाकारलेल्यांच्या यादीत जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस कनेक्ट मॅनेजर' आहे, तिथे जाऊन त्याला परत 'अलाऊ' करावं लागतं. आयपॅडवर प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी असते, अँड्रॉइडवर 'निअरबाय डिव्हायसेस'ची. ती बंद असेल तर अ‍ॅपला टीव्ही दिसत नाही.

आणखी एक कारण फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. कपाटावर सहा महिने बंद पडलेल्या टॅबची तारीख चुकलेली असते. तारीख चुकली की अ‍ॅप आणि गुगल एकमेकांवर भरवसा ठेवत नाहीत, आणि यूट्यूबपासून कास्टपर्यंत सगळं अडतं. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करून टॅब एकदा बंद-चालू केला की कितीतरी वेळा काम होतं. टॅब फारच जुना असेल तर मात्र इलाज नाही. अँड्रॉइड ४.४ ची साथ गुगलने २०२३ मध्ये सोडली. असा टॅब फुकट मिळाला तरी त्यावर अभ्यासाचे अ‍ॅप चालतील, अशी आशा धरू नये.

चित्र येतं, पण अडकतं

इथे वरळीची खोली आणि गावचं घर यांत फरक पडतो. बीडीडीच्या चाळी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका इमारतीत ८०. वरळीत अशा १२१ इमारती होत्या. अशा चाळीत निम्म्या घरांत राउटर धरले तरी एका इमारतीत ४० होतात, आणि सगळ्यांच्या लहरी त्याच हवेतून जातात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चाळीस राउटर आणि तीन रस्ते. गणपतीत लालबागला जी गर्दी, तीच हवेत. मग चित्र अडकतं, आवाज पुढे आणि ओठ मागे.

उपाय म्हणजे टॅब आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्यावेत. राउटर दोन पट्ट्यांचा असेल तर वायफायच्या नावापुढे बहुधा ५-जी असं दिसतं. मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झला रस्ते जास्त, गर्दी कमी, पण भिंत ओलांडायची ताकदही कमी. १६० फुटांच्या एका खोलीत ते फिट बसतं, कारण राउटर आणि टीव्हीच्या मध्ये भिंत नसतेच. ५०० फुटांच्या नव्या घरात राउटर दाराजवळ आणि टीव्ही आतल्या खोलीत ठेवला की काँक्रीटची भिंत मध्ये येते आणि तक्रार नव्याने सुरू होते. राउटर टीव्हीच्या खोलीत ठेवावा.

गावात हवा मोकळी असते, आजूबाजूला राउटर एक-दोनच. तिथे २.४ चांगलं चालतं आणि दूरवर पोचतं. फक्त जुन्या घराच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे माजघरात टीव्ही असेल तर कुठल्याच पट्ट्याचा टिकाव लागत नाही.

साध्या टीव्हीला मागून स्टिक लावली असेल आणि ती सारखी बंद-चालू होत असेल तर तिला वीज कुठून मिळते ते बघावं. टीव्हीच्या यूएसबीतून घेतलेली वीज बऱ्याचदा पुरत नाही. स्टिकसोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या बोर्डाला लावावा. टॅबचा बॅटरी सेव्हर चालू असेल तरी चित्र मध्येच तुटतं.

आवाज येतो, चित्र काळं

हा बिघाड नाही. पैसे भरून बघायच्या अ‍ॅपमधले सिनेमे कुणी नक्कल करू नयेत म्हणून अ‍ॅपच मिररिंगमध्ये पडदा काळा करतं. दुकानदाराने यासाठी 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' असं सांगितलं तर पैसे देऊ नयेत. असं अ‍ॅप टीव्हीवरच टाकून तिथे उघडावं, किंवा अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर ते वापरावं.

वायर लावून बघू म्हणणाऱ्यांसाठी : सी-टाइप ते एचडीएमआय वायर सगळ्या टॅबला चालत नाही. स्वस्त टॅबच्या सी-टाइप भोकातून चार्जिंग होतं, फाइल जाते, पण चित्र बाहेर येत नाही. वायर घेण्याआधी टॅबच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' लिहिलंय का ते बघावं, नाहीतर वायरीचे पैसे पाण्यात. व्हिडिओ उतरवलेलेच असतील तर सगळ्यात सरळ मार्ग पेन ड्राइव्हचा. टॅबमधून त्यात टाका, टीव्हीच्या मागे लावा. फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, एवढी मर्यादा.

घाईने रिसेट मारू नका

मार्च २०२५ मधला एक किस्सा यासाठी सांगण्यासारखा आहे. ९ मार्चच्या सुमारास जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट अचानक बंद पडले. यंत्रात काहीच बिघडलं नव्हतं. गुगलच्या बाजूचं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं होतं. लोकांनी सवयीप्रमाणे रिसेट मारला. गुगलला जाहीर सांगावं लागलं की रिसेट करू नका. काही दिवसांत दुरुस्ती आपोआप आली. ज्यांनी हात लावला नाही त्यांचं यंत्र जागेवर चालू झालं, रिसेट मारलेल्यांना मात्र नव्याने जोडताना त्रास झाला.

दुसरी घाई याहून महागात पडते. 'टीव्हीवर दिसत नाही' म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा आणि पहिला दिसेल त्याला फोन लावायचा. असे कितीतरी नंबर खोटे असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला सांगतो, किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावतो. तुमची स्क्रीन जशी टीव्हीवर जाते तशीच ती त्याच्याकडे जाते, आलेल्या ओटीपीसकट. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा डब्यावरून घ्यावा. अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवू नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

टॅब हातातून सोडण्याआधी

आता विकणाऱ्याचं किंवा देणाऱ्याचं काम. हे टॅब वरळीत असतानाच व्हायला हवं, एसटीत किंवा कोकण रेल्वेत बसल्यावर नाही.

आधी आत काय आहे ते बघावं. फोटो सगळ्यांना आठवतात, 'डाउनलोड'चा कप्पा कुणाला आठवत नाही. त्यात आधारची पीडीएफ, पॅन, सातबारा, पासबुकचा फोटो, पोराची मार्कशीट, पुनर्विकासाच्या वेळी जमवलेली कागदपत्रं असं सगळं पडलेलं असतं. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याच्या हातात बाकीची कागदपत्रं आहेत त्याला तो काढायला एक मिनिट पुरतं.

हवं ते फोनवर, पेन ड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर काढून घ्यावं. गुगलची फुकट जागा १५ जीबीच आहे, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. बॅकअप 'झाला' असं दिसलं तरी दुसऱ्या फोनवर दोन-चार फोटो उघडून खात्री करावी. टॅबवरचं व्हॉट्सअ‍ॅप फोनला जोडलेलं असेल तर फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून टॅब काढून टाकावा.

सिम आणि मेमरी कार्ड काढायचं. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण सगळ्यात जास्त विसरलं जातं ते मेमरी कार्डच. कार्डावर टॅबने 'एन्क्रिप्ट' म्हणजे कुलूप लावलं असेल तर ते रिसेटआधी काढावं. रिसेट झाला की ते कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही, फोटो गेले म्हणून समजा.

मग येतं खरं काम, खाती काढणं. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, टॅबमध्ये चोरांसाठी एक कुलूप आहे. बाहेरची बटणं दाबून कुणी टॅब पुसला तर चालू होताना तो आधीचंच गुगल खातं मागतो. चोरासाठी केलेली ही सोय आहे, पण सापडतो बहुतेक वेळा घरचाच माणूस. म्हणून सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' उघडून गुगलची सगळी खाती 'रिमूव्ह' करावीत. घरात तिघांची खाती टाकलेली असतील तर तिन्ही. सॅमसंगच्या टॅबवर सॅमसंगचं खातं, शाओमीवर मी खातं वेगळं असतं, तेही काढावं. आयपॅडवर वर स्वतःच्या नावावर जाऊन 'साइन आउट' करावं, त्यात 'फाइंड माय' बंद होतं. ते चालू राहिलं तर घेणाऱ्यासाठी आयपॅड दगड आहे.

पासवर्ड आठवत नसेल तर तो आधी बदलून घ्यावा. पण गुगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबूनच रिसेट करावं, असं गुगल सांगतं. गावाला निघायच्या रात्री हे काम काढू नये ते यासाठीच.

त्यानंतर रिसेट, तोही सेटिंगमधून. बहुतेक टॅबवर 'सिस्टिम'मध्ये 'रिसेट ऑप्शन्स', सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये 'रिसेट', आयपॅडवर 'जनरल'मध्ये सगळ्यात खाली 'ट्रान्सफर ऑर रिसेट'. चार्जिंग निम्म्याच्या वर असावं.

फक्त फोटो डिलीट करून टॅब देणाऱ्यांनी २०१४ ची गोष्ट ऐकावी. अवास्ट या कंपनीने जुन्या बाजारातून २० अँड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांना वाटत होतं आपण सगळं पुसलंय. कंपनीने त्यातून ४० हजारांवर फोटो परत काढून दाखवले. तेव्हापासून यंत्रं सुधारली आहेत. अँड्रॉइड १० सोबत आलेल्या आणि त्यानंतरच्या टॅबमध्ये आतली माहिती कुलूपबंदच असते, रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. त्याहून जुना टॅब असेल तर 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन आधी 'एन्क्रिप्ट' करावं, मग रिसेट.

रिसेट झाल्यावर एक तपासणी करावी, पाच मिनिटं लागतात. टॅब चालू करून वायफाय जोडायच्या पायरीपर्यंत जावं. पुढे 'आधीचं खातं टाका' असं आलं तर कुलूप अजून आहे. नवीन खातं विचारलं किंवा 'स्किप' दिसलं तर टॅब मोकळा. तिथेच थांबून बंद करावा.

आणि टॅब गावाला पोचून अडकलाच असेल तर? आयपॅड असेल तर मालकाने मुंबईतूनच आयक्लाउडच्या 'फाइंड' पानावर जाऊन तो खात्यातून काढून टाकला की कुलूप उघडतं. अँड्रॉइडला मात्र जुन्या मालकाने पासवर्ड सांगणं किंवा गावी येऊन टाकणं, हाच सरळ मार्ग. मालक वारले असतील तर मूळ बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं. बाजारात 'कुलूप तोडून देतो' म्हणणारे भेटतात. चोरीचा टॅब उघडणारेही तेच असतात, आणि त्यांच्या हातात गेलेल्या टॅबमध्ये काय भरून येईल ते सांगता येत नाही.

घेणाऱ्याने काय बघायचं

ओळखीचा असो वा अनोळखी, घेणाऱ्याने टॅब समोर चालू करून, वायफाय जोडून, स्वतःचं खातं टाकूनच पैसे द्यावेत. 'घरी जाऊन चालू करा' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून किंवा सेटिंगमध्ये 'अबाउट'मध्ये १५ आकडी आयएमईआय बघावा. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग मोबाईलवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत के-वाय-एम लिहून, एक जागा सोडून, तो आकडा १४४२२ वर एसएमएस करावा. केंद्राच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे, ते मे २०२३ मध्ये सुरू झालं. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'आधीच वापरात' असं आलं तर तो सौदा सोडावा. फक्त वायफायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतो, तिथे ही तपासणी लागू पडत नाही. म्हणून अशा टॅबला बिल आणि डब्यावरचा सिरियल नंबर हाच आधार. वायफायचा टॅब बिलाशिवाय घेणं म्हणजे जनावर दाखल्याशिवाय घेण्यासारखं आहे.

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, फोन, नंबर, किंमत, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. नातेवाइकाकडून घेतानाही घ्याव्यात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

हप्त्यावर घेतलेला टॅब असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला मागावा. हप्ता थकला की फायनान्सवाले दुरूनच यंत्र बंद करतात. शाळा, क्लास, कंपनी किंवा सरकारी योजनेतून मिळालेल्या टॅबमध्येही असा ताबा असू शकतो. रिसेट केल्यावर 'हे यंत्र संस्थेच्या ताब्यात आहे' असा मजकूर पुन्हा आला तर ते कुलूप मालकालाही काढता येत नाही, संस्थेनेच काढावं लागतं. योजनेचा टॅब विकायला चालतो का, ते देणाऱ्याने योजनेच्या अटीत आधी वाचावं.

टॅब टेबलावर उताणा ठेवून बघावा. डुगडुगला किंवा काच एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब घ्यायचा नाही, विकायचा नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायचा नाही. पोराच्या हातात देणं दूरच. तो भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावा.

टॅबच्या नादात एक वस्तू हमखास राहून जाते, ती म्हणजे टीव्ही. जुनी खोली रिकामी करताना टीव्ही भंगारात किंवा शेजाऱ्याला जातो, आणि त्यात घरातल्या कुणाचं तरी गुगल खातं, यूट्यूब, पैसे भरलेली अ‍ॅप तशीच चालू राहतात. पुढे तिसऱ्याच घरात कोण काय बघतंय ते इकडे फोनवर दिसतं, किंवा दुसऱ्याच्या टीव्हीवर आपलं कार्ड वापरून खरेदी होते. टीव्हीच्या सेटिंगमधूनही खातं काढून फॅक्टरी रिसेट करावा, मागची स्टिक काढून घ्यावी. टीव्ही आधीच गेला असेल तर फोनवर गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हायसेस' उघडावं. जुना टीव्ही, जुना टॅब, कधीचा विकलेला फोन, सगळे तिथे नावानिशी दिसतात. प्रत्येकावर बोट ठेवून 'साइन आउट' दाबता येतं.